अमेरिकेतली 'समता' समजून घ्यायचीये? मग असं वाचा

सुरुवात १७७६ च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापासून करा, 'सगळी माणसं समान जन्मलीत' हे वाक्य वहीत लिहून घ्या आणि शेजारीच लिहा की ते लिहिणाऱ्या जेफरसनने आयुष्यभरात ६०० च्या वर गुलाम बाळगले. हो, सहाशे!

आता तेच वाक्य पुढे कोणी कोणी उचललं ते शोधत जायचं, खरी मजा इथंच आहे. १८४८ ला न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्स गावच्या स्त्री-हक्क परिषदेत बायकांनी त्यात सरळ 'आणि स्त्रिया' घुसवलं, १८५२ ला स्वतः गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसने विचारलं की तुमचा ४ जुलै, म्हणजे स्वातंत्र्यदिन, गुलामाला काय कामाचा, १८६३ ला राष्ट्राध्यक्ष लिंकनने गेटिसबर्गच्या भाषणात तेच 'समान जन्मलीत' म्हटलं.

मग अमेरिकेच्या घटनादुरुस्त्या बघा, १३ (गुलामी बंद), १४, १५ (वंशावरून मताधिकार नाकारायला बंदी). चौदावी (१८६८) नीट वाचा, कायद्याचं समान संरक्षण तिथं आलं. पण तिथंच थांबू नका हां, १८९६ च्या सुप्रीम कोर्टाच्या प्लेसी निकालाने काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवणं चालतं, 'वेगळे पण समान' म्हणत तिचा पार भुगा केला आणि शाळांपुरतं ते मोडायला १९५४ चा त्याच कोर्टाचा ब्राउन निकाल यावा लागला.

जाता जाता, जोतीरावांनी १८७३ ला 'गुलामगिरी' कोणाला अर्पण केली ते पहिल्या पानावर बघाच, गुलामी संपवणाऱ्या अमेरिकी लोकांना!