स्नॅपशॉट घेण्याआधी सर्व्हर कसा तयार करावा

स्नॅपशॉट म्हणजे डिस्कची एका क्षणाची प्रत. तो डिस्कचा निघतो, मेमरीचा नाही. रॅममध्येच राहिलेली नोंद त्यात येत नाही, म्हणून आधी सगळं डिस्कवर उतरवावं लागतं.

पहिली गोष्ट वेळ. सर्व्हर हॉटेलाचा असेल तर, उदाहरणार्थ गोव्यातल्या कळंगुट-बागाच्या हॉटेलांत, रात्री नाइट ऑडिट, म्हणजे दिवसाचा हिशोब बंद करण्याचं काम चालतं. रूमचं भाडं आणि कर खात्यांवर चढतात, व्यवसायाची तारीखही बदलते, सगळं एकदम. ऑडिट पुरं झाल्याचा रिपोर्ट निघाल्यावरच हात घाला. क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) आणि रात्रीचा बॅकअप तेवढा वेळ थांबवा. पावसाळ्यात विजेचा नेम नसतो, यूपीएसची बॅटरीही बघून ठेवा.

एलव्हीएम (लिनक्समधली डिस्कची जागा व्हॉल्यूममध्ये, म्हणजे भागांत वाटणारी व्यवस्था) असेल तर 'व्हीजीएस' कमांड चालवून मोकळी जागा पाहा. साध्या, म्हणजे थिन (लागेल तशी जागा घेणाऱ्या) नसलेल्या स्नॅपशॉटला 100 जीबीच्या व्हॉल्यूममागे 15-20 जीबी द्या. लिखाण जास्त असेल तर आणखी. ही जागा भरली की स्नॅपशॉट बाद होतो. मूळ डेटाला धक्का लागत नाही, पण मेहनत पाण्यात.

आता लॉक, म्हणजे डेटाबेसमधलं लिखाण तेवढ्यापुरतं रोखणं. मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये आधी 'शो प्रोसेसलिस्ट' बघा. एखादी लांबलेली क्वेरी चालू असेल तर ती संपेपर्यंत लॉक मिळत नाही आणि तिच्यामागे फ्रंट डेस्कच्या नोंदी अडकून पडतात. मग 'फ्लश टेबल्स विथ रीड लॉक' द्या आणि ते सेशन उघडंच ठेवा. सेशन बंद झालं की लॉक सुटतं. स्क्रिप्टमध्ये नेमकी हीच चूक होते: क्लायंट लॉक घेऊन बाहेर पडतो, स्नॅपशॉट त्यानंतर निघतो आणि कुठेही एरर दिसत नाही.

एलव्हीएम फाइलसिस्टिम स्वतःच गोठवतं, म्हणजे तिच्यावरचं लिखाण क्षणभर थांबवतं. सॅन (नेटवर्कवरचं सामायिक स्टोरेज) किंवा क्लाउडच्या डिस्कवर मात्र त्यासाठी 'एफएसफ्रीज' कमांड तुम्हालाच चालवावी लागते, तीही फक्त डेटाच्या माउंटवर. रूट, म्हणजे खुद्द सिस्टिमची फाइलसिस्टिम गोठवली तर लॉग लिहायला गेलेली प्रत्येक प्रोसेस अडकते, तुमचं लॉगिनही.

पोस्टग्रेस डेटाबेसचा डेटा आणि वॉल (बदल आधी जिथे लिहिले जातात तो लॉग) वेगळ्या व्हॉल्यूमवर असतील तर दोन्हींचा स्नॅपशॉट एकाच क्षणी हवा. विंडोजवर 'व्हीएसएसअ‍ॅडमिन लिस्ट रायटर्स' चालवा; एखादा रायटर (स्नॅपशॉटआधी आपल्या प्रोग्रॅमचा डेटा तयार करणारा घटक) 'फेल्ड' दिसला तर त्याची सर्व्हिस रीस्टार्ट करून पुन्हा तपासा.

स्नॅपशॉट निघताच आधी फ्रीज काढा, मग लॉक सोडा. स्नॅपशॉट रीड-ओन्ली माउंट करून बघा; फाइलसिस्टिम एक्सएफएस असेल तर 'नोयूयूआयडी' हा पर्याय द्यावा लागतो, कारण प्रतीचा ओळख क्रमांक मूळचाच असतो. कॉपी दुसऱ्या मशीनवर गेली की स्नॅपशॉट काढून टाका, नाहीतर मूळ व्हॉल्यूमवरचं लिखाण मंदावतं.