घरच्या राउटरवर पोर्ट उघडताना

घरच्या डीव्हीआरवरचे (सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या डब्यावरचे) चित्र कचेरीतून पाहायचे असते, मुलाला मित्रांसाठी माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवायचा असतो, किंवा जुन्या संगणकावर साठवलेले घरचे फोटो पुण्यातल्या बहिणीला दाखवायचे असतात. अशा वेळी जाणकार सांगतात की राउटरवर पोर्ट, म्हणजे येणाऱ्या मागणीसाठी क्रमांक दिलेले एक दार, उघडा. घरातली सगळी उपकरणे बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्याने दिसतात. आतल्या उपकरणाने बाहेर काही मागितले, तर राउटर त्याची नोंद ठेवतो आणि आलेले उत्तर बरोबर त्याच उपकरणाला पोचवतो. बाहेरून आपणहून आलेल्या मागणीची मात्र त्याच्याकडे नोंद नसते, म्हणून तो ती टाकून देतो. पोर्ट उघडणे म्हणजे ही नोंद आधीच करून ठेवणे: अमुक क्रमांकाच्या पोर्टवर जे येईल ते घरातल्या अमुक यंत्राकडे पाठवावे.

नोंद करायला दहा मिनिटे पुरतात. परंतु तिला हात लावण्याआधी एक गोष्ट तपासली नाही, तर सगळी मेहनत वाया जाते. मुलुंडच्या घरी मी दोन संध्याकाळी एकच नियम, म्हणजे हीच नोंद, पुसून पुन्हा लिहीत होतो, डीव्हीआर तीनदा बंद करून चालू केला, आणि तिसऱ्या दिवशी राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता) पाहिला, तेव्हा तो १००.७२ ने सुरू होत होता. माझ्या नियमात काहीच चूक नव्हती; बाहेरची मागणी माझ्या दारापर्यंत येतच नव्हती.

म्हणून पहिले काम हे. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ उघडावे (नेमका पत्ता राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर असतो), लॉगिन करावे आणि स्टेटसखालचा वॅन आयपी कागदावर उतरवावा. मग त्याच वायफायवरून एखाद्या ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या संकेतस्थळावर जाऊन तिथे दिसणारा पत्ता पाहावा. त्या वेळी व्हीपीएन (इंटरनेटवरून दुसऱ्या जाळ्यात नेणारी सुरक्षित वाट) चालू नसावे. दोन्ही पत्ते एकच असतील तर पुढे जावे. वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर इंटरनेट पुरवठादाराने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटला आहे असे समजावे. या पद्धतीला सीजीनॅट म्हणतात, आणि तो पट्टा २०१२ मध्ये खास तिच्यासाठीच राखून ठेवला गेला. आयपीव्ही४ (अशा चार आकड्यांच्या पत्त्यांची पद्धत) चे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे एकूण सुमारे ४.३ अब्जच, आणि आशिया-पॅसिफिक विभागाला पत्ते वाटणाऱ्या एपनिक संस्थेचा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या गटावर आला होता. तेव्हा पुरवठादारावर चिडण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे स्टॅटिक आयपी मागावा. अनेक पुरवठादार तो जादा शुल्क घेऊन देतात. मात्र फोनवर ‘तो पब्लिक असेल ना?’ हे स्पष्ट विचारून घ्यावे, कारण न बदलणारा पत्ता आणि बाहेरून गाठता येणारा पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वॅन आयपी १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल, तर आधी घरातच शोध घ्यावा. आपल्याकडे केबलवाल्याने दाराच्या वर ठोकलेला फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, आणि हॉलमध्ये आपण विकत आणलेला राउटर असे दोन राउटर एकामागे एक लागलेले सर्रास दिसतात. ओएनटीला ब्रिज मोडवर (राउटरचे काम न करता फक्त जोडणी पुढे देणाऱ्या स्थितीत) टाकून घेणे हा त्यावरचा स्वच्छ उपाय. ते जमत नसेल तर दोन्ही डब्यांवर नियम लिहावा लागतो.

इथवरची वाट मोकळी असेल, तर ज्या यंत्राकडे मागणी पाठवायची त्याचा घरातला पत्ता पक्का करावा. राउटरच्या डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या) पानावर अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन असते. तिथे यंत्राचा मॅक पत्ता (कारखान्यातच मिळालेला ओळख क्रमांक) आणि त्याला द्यायचा आयपी, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०, नोंदवावा. हे राहून गेले की वीज जाऊन आल्यावर तोच पत्ता वायफायवरच्या टीव्हीला मिळू शकतो आणि नियम भलतीकडे बोट दाखवू लागतो.

आता नियम. पोर्ट फॉरवर्डिंग, व्हर्च्युअल सर्व्हर किंवा नॅट यांपैकी एखाद्या नावाखाली ते पान सापडते. बाहेरचा पोर्ट, आतला पोर्ट, आतल्या यंत्राचा आयपी आणि प्रोटोकॉल (माहिती पाठवण्याची पद्धत, टीसीपी किंवा यूडीपी) एवढे चार रकाने भरायचे असतात. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीसाठी २५५६५ आणि टीसीपी, वायरगार्ड या व्हीपीएनसाठी ५१८२० आणि यूडीपी हे नेहमीचे आकडे आहेत. प्रोटोकॉल चुकला तर बाकी सगळे बरोबर असूनही काहीच चालत नाही. शिवाय विंडोजच्या संगणकावर त्याच्या स्वतःच्या फायरवॉलमध्येही तो पोर्ट मोकळा करावा लागतो. डीएमझेड नावाचा पर्याय मोहात पाडतो, पण तो एका यंत्राचे सगळे पोर्ट एकदम उघडतो. त्याच्या वाटेला जाऊ नये.

डीव्हीआरचा पोर्ट थेट उघडावा का? माझे मत, नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने (घातक प्रोग्रामने) कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशा उपकरणांच्या माऱ्याने अमेरिकेतल्या डाइन (Dyn) कंपनीची डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी) सेवा कोलमडून ट्विटरसारखी संकेतस्थळे काही तास अनेकांना उघडेनाशी झाली. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हाही असाच सतत ठोठावला जाणारा पोर्ट आहे. त्यापेक्षा घरातल्या एका लहान संगणकावर वायरगार्ड चालवावे, फक्त त्याचा पोर्ट उघडावा, आणि फोनवरून व्हीपीएनने घरच्या जाळ्यात शिरून मग डीव्हीआर पाहावा. राउटरमधले यूपीएनपी बंद ठेवावे, कारण त्याच्या आधारे घरातले कोणतेही उपकरण आपल्याला न विचारता पोर्ट उघडून घेऊ शकते.

स्टॅटिक पत्ता घेतला नसेल, तर सार्वजनिक पत्ता अधूनमधून बदलतो; त्यासाठी राउटरमध्येच असलेली डायनॅमिक डीएनएसची सोय वापरून त्याला एक कायमचे नाव जोडून घ्यावे.

चाचणी घरच्या वायफायवरून करू नये. पुष्कळ राउटर आतून निघून स्वतःच्याच सार्वजनिक पत्त्यावर आलेली मागणी परत आत वळवत नाहीत, आणि सगळे ठीक असूनही बिघाड वाटतो. फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून जोडून पाहावे. पोर्ट तपासणाऱ्या संकेतस्थळाचा निकाल वाचतानाही ध्यानात ठेवावे की आतला प्रोग्राम चालू नसेल तर टीसीपीचा उघडा पोर्टही ‘बंद’ दिसतो, आणि वायरगार्डसारखा यूडीपीवरचा प्रोग्राम अनोळखी मागणीला उत्तरच देत नाही. त्याची खात्री प्रत्यक्ष जोडून पाहूनच होते.