ईडलिंबाचं पाचक आणि मुरलेलं लोणचं

पहिल्यांदा घरी ईडलिंबू आलं तेव्हा मी ते चक्क पोह्यांवर पिळलं. सालीसकट दाबून, दोन बिया चिरडून. कढईभर पोहे कडू झाले आणि घरातल्या सगळ्यांनी त्या दिवशी दूध-बिस्किटावर भागवलं. कागदी लिंबाची हाताला बसलेली सवय इथे नडते.

ईडलिंबू मोसंबीएवढं, कधी त्याहून मोठं. साल जाड आणि खडबडीत, रंग आधी हिरवा, पिकलं की पिवळा. पूर्वी परसात एखादं झाड असायचं, आता मंडईतही रोज दिसत नाही. आमच्या भाजीवालीला सांगून ठेवलं तर पावसाळा सरता सरता चार-पाच आणून देते. घेताना हातात तोलून बघा. आकाराच्या मानाने जड लागलं तर रसाळ. हलकं निघालं तर नुसती साल.

कडवटपणा असतो तो बियांत, सालीखालच्या पांढऱ्या भागात आणि फोडींच्या पापुद्र्यांत. रस पिळल्या पिळल्या आंबटच लागतो, पण पापुद्रे आत राहिले तर तासा-दोन तासांत कडू होत जातो. म्हणून फळ आडवं कापा, सुरीच्या टोकाने बिया काढा, अलगद पिळा आणि रस लगेच गाळा. भांडं काचेचं किंवा स्टीलचं. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात हा रस ठेवू नका.

आधी पाचक, कारण ते सोपं आहे. एक वाटी गाळलेला रस घ्या. पाव वाटी आल्याचा रस वेगळा काढून अर्धा तास हलवू नका. तळाशी पांढरा साका बसेल, तो तसाच ठेवून वरचा रस ओता. हा साका पाचकात गेला की बाटलीच्या बुडाशी चिकट थर धरतो. मग दोन चमचे सैंधव, अर्धा चमचा पादेलोण, एक चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर हिंग घाला. आलं कोवळं असेल तर पाचकाला हलकी गुलाबी छटा येते, घाबरू नका. काचेच्या बाटलीत भरून आठवडाभर उन्हात ठेवा, नंतर फ्रीजमध्ये. जड जेवणानंतर एक चमचा पुरे. रस काढलेल्या साली मात्र टाकू नका, त्या लोणच्यात जातात.

लोणच्याला घाई चालत नाही. एक किलो फळं धुऊन कोरडी पुसा आणि तासभर पंख्याखाली ठेवा. पाण्याचा एक थेंब राहिला तरी बुरशी येते. बोटाच्या पेराच्या निम्म्या आकाराच्या फोडी करा, बिया एकूण एक काढा. 200 ग्रॅम मीठ आणि एक चमचा हळद चोळून बरणीत भरा, तोंडाला फडकं बांधा. रोज एकदा कोरड्या लाकडी चमच्याने खालीवर करा. दोन-तीन दिवसांत रस सुटतो. फोडी त्यात बुडालेल्या हव्यात. रस कमी पडला तर दोन-चार कागदी लिंबं पिळून घाला. आमच्याकडे बरणी दिवसा उन्हात, रात्री आत.

तीन आठवडे तरी थांबा. साल शेवाळी रंगाची आणि किंचित पारदर्शक झाली, नखाने दाबल्यावर दबली, की फोड चाखा. कडवटपणाची जेमतेम आठवण राहिलेली असावी. अजून कडू असेल तर आणखी आठवडाभर मुरू द्या. गूळ वाढवून कडूपणा झाकायला जाऊ नका. मग लोणचं गोडही लागतं आणि कडूही.

मग 500 ग्रॅम चिरलेला गूळ, चार चमचे लाल तिखट, दोन चमचे जिरेपूड घालून नीट ढवळा. गूळ विस्तवावर न विरघळवता उन्हातच विरघळू द्या. चार-पाच दिवसांत दाट पाक होतो. उपासाला हवं असेल तर सुरुवातीची हळद वगळा. रोजच्या जेवणासाठी असेल तर अर्धा चमचा तळलेल्या मेथ्यांची पूड घाला, मला ते जास्त आवडतं. मीठ भरपूर आहे, तेव्हा रक्तदाब असणाऱ्यांनी फोडी मोजून घ्याव्यात.

बरणी संपत आली की तळाशी फोडींपेक्षा खारच जास्त उरतो. तो मऊ भात, दही आणि तुपातल्या जिऱ्याच्या फोडणीत कालवा. आमच्या घरी भांडण होतं ते त्या शेवटच्या खारावरून.