ग्रीक तत्त्वज्ञ वाचायचेत? मग थेलीसपासून सुरू करू नका

बहुतेक जण काय करतात, तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक घेतात, थेलीस म्हणाला सगळं पाण्यातून आलं, पुढे आणखी कुणी म्हणाला आगीतून, आणि चाळीसाव्या पानाला पुस्तक जे मिटतं ते मिटतंच. माझं दोनदा झालंय.

त्यापेक्षा डायरेक्ट प्लेटोचे छोटे संवाद घ्या. पहिला युथिफ्रो, एका बैठकीत होतो. कोर्टापाशी सॉक्रेटिसला एक जण भेटतो, सख्ख्या बापावर खुनाचा खटला भरायला आलेला, आणि हेच धर्माला धरून आहे याची त्याला पक्की खात्री. सॉक्रेटिस म्हणतो मग धर्म म्हणजे काय ते सांग की बाबा. इथे पेन्सिल घ्या, नवी व्याख्या आली की समासात नंबर टाका, ती जिथे फुटते तिथे फुली. मधे एक प्रश्न येतो, देवांना आवडतं म्हणून ते पवित्र, की पवित्र आहे म्हणून देवांना आवडतं? ख्रिस्ती धर्मपंडित पुढे कित्येक शतकं याच्यावरच डोकं फोडत बसले.

मग अपॉलॉजी. नावावर जाऊ नका, माफीबिफी काही नाही, इ.स.पू. ३९९ च्या खटल्यातलं सॉक्रेटिसचं बचावाचं भाषण आहे, आणि दोषी ठरल्यावर हा माणूस म्हणतो शिक्षा म्हणून मला सरकारी खर्चाने जेवण द्या!

तिसरा मेनो, याला कोरा कागद लागेल. २ फूट बाजूचा चौरस काढा, क्षेत्रफळ ४, आता ८ वाला काढायचाय. सॉक्रेटिस हे एका गुलाम पोराला विचारतो. पोरगा म्हणतो बाजू दुप्पट करू, होतात १६. मग म्हणतो ३ घेऊ, होतात ९. पुढे वाचायच्या आधी स्वतः ट्राय करा प्लीज, नाहीतर मजा गेली. (कर्णावर चौरस काढायचा असतो.)

समासात आकडा आणि अक्षर दिसेल, ते १५७८ च्या छापील आवृत्तीचे पान नंबर, सगळ्या चांगल्या भाषांतरांत सेमच असतात, कुणाशी चर्चा करताना तेच सांगायचे.

ॲरिस्टॉटल यानंतरच, कारण त्याचं आपल्यापर्यंत आलंय ते बरंचसं लेक्चर नोट्ससारखं, रुक्ष. तेराव्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनस त्याला नाव न घेता नुसतं 'तत्त्वज्ञ' म्हणायचा, एवढा दबदबा. त्याच्या निकोमाकियन एथिक्स या नीतिशास्त्रावरच्या पुस्तकाचा पहिला भाग वाचा आणि सरळ आठव्यावर उडी मारा, तिथे मैत्रीचे तीन प्रकार आहेत, कामापुरती, मजेपुरती आणि माणूस चांगला आहे म्हणून केलेली, आणि दहा मिनिटांत आपण मोबाईलमधल्या कॉन्टॅक्ट्सची वाटणी करायला लागतो.