इंग्लंडमधील पॅरिशचा आणि बाजाराच्या गावाचा इतिहास कसा शोधावा

इंग्लंडमधील एखाद्या गावाचा इतिहास शोधायला बसणाऱ्याने आधी त्या गावाची हद्द पक्की करावी. दंतकथा आणि राजांचे मुक्काम मागाहून पाहता येतात. पॅरिश हा मुळात एका चर्चच्या धर्मगुरूकडे सोपवलेला मुलूख. परंतु सोळाव्या शतकात रस्त्यांची डागडुजी आणि गरिबांचा सांभाळ ही कामेही त्याच्याकडे आली, आणि म्हणूनच त्याच्या दप्तरात धर्म आणि कारभार दोन्ही सापडतात. उत्तरेत यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्ससारख्या विस्तीर्ण पॅरिशमध्ये अनेक वस्त्या मोडत, त्यामुळे गावाचे नाव आणि पॅरिशचे नाव वेगळे असू शकते. १८९४ च्या कायद्यानंतर कारभारासाठी पॅरिश कौन्सिले निघाली, तेव्हा आजच्या नकाशावरील हद्द मागच्या काळाला सरसकट लावू नये.

हद्द ठरली की नकाशा घ्यावा. दशांश कराचे, म्हणजे चर्चला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याचे, रोख रकमेत रूपांतर करणाऱ्या १८३६ च्या कायद्यामुळे जे नकाशे तयार झाले, त्यांत प्रत्येक शेताला आणि घराला क्रमांक आहे, आणि सोबतच्या तक्त्यात मालक, कसणारा, जमिनीचा वापर व क्षेत्रफळ दिलेले आहे. एक प्रत क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात असते; काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, दप्तरखान्यातही बहुधा प्रत मिळते. जिथे शेतांच्या कुंपणबंदीच्या, म्हणजे सामाईक जमिनी वाटून कुंपण घालण्याच्या, वेळीच दशांशाचा निकाल लागला होता तिथे असा नकाशा नसतो. तिथे कुंपणबंदीचा निवाडा मागावा.

बाजाराचे गाव असेल तर त्याची आखणीच पहिला पुरावा ठरते. स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनला ११९६ मध्ये आठवडी बाजाराची सनद मिळाली, आणि वुस्टरच्या बिशपने सुमारे ५८ फूट रुंद व १९८ फूट लांब असे भूखंड पाडून ते वर्षाला एक शिलिंग भाड्याने दिले. असे लांबट, रस्त्याकडे तोंड केलेले पट्टे अनेक गावांत आजही घरांमागच्या भिंतींवरून ओळखू येतात. बाजारचौकाच्या मधोमध घरांचा एखादा पुंजका दिसला तर तिथे पूर्वी उघडी दुकाने मांडली जात आणि पुढे तीच पक्की झाली, ही शक्यता तपासून पाहावी. मात्र सनद म्हणजे बाजार चाललाच, असे नाही. तेराव्या शतकात भराभर दिल्या गेलेल्या कित्येक सनदांचे बाजार मूळच धरू शकले नाहीत. उलट काही बाजार सनदेच्या आधीपासून भरत होते. म्हणून मॅनरच्या, म्हणजे जमीनदाराच्या जहागिरीच्या, हिशेबात बाजारकराची जमा दिसते का, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

यानंतर चर्चच्या नोंदवह्यांकडे वळावे. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी ठेवण्याचा हुकूम १५३८ चा आहे, पण जुन्या कागदी वह्या चर्मपत्रावर उतरवून घेण्याची आज्ञा १५९८ मध्ये झाल्यामुळे आज हाती येते ती अनेकदा नक्कल असते. शेक्सपिअरच्या बाप्तिस्म्याची २६ एप्रिल १५६४ ची नोंदसुद्धा अशाच नकलेत आहे. अक्षर वर्षानुवर्षे एकाच हातचे दिसले की नक्कल ओळखावी, आणि बिशपकडे धाडलेल्या वार्षिक प्रतीशी ती ताडून पाहावी. १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. म्हणून फेब्रुवारी १७०० अशी नोंद आपल्या हिशेबाने १७०१ ची धरावी. जुने अक्षर मोडीसारखेच सरावाने वाचता येते; छापील तक्ते १८१३ पासून आल्यावर काम पुष्कळ हलके होते.

माझ्या मते सर्वांत मोलाचे कागद मात्र गरिबांचे आहेत. १६६२ च्या कायद्याने, मदतीची गरज पडू शकेल अशा परक्या माणसाला त्याच्या हक्काच्या पॅरिशमध्ये, म्हणजे गरजेला मदत मागण्याचा हक्क जिथे असे तिथे, परत धाडण्याची मुभा मिळाली. हा हक्क ठरवण्यासाठी न्यायदंडाधिकारी त्या माणसाची जबानी घेत: जन्म कुठला, उमेदवारी कोणाकडे केली, अविवाहित असताना पूर्ण एक वर्ष चाकरी कुठे झाली, वर्षाला दहा पौंड भाड्याची जागा कधी घेतली होती का. पूर्ण वर्षाच्या चाकरीने हक्क लागू होई, म्हणून काही शेतकरी गड्याला ५१ आठवड्यांसाठीच ठेवत. स्वतःच्या हाताने एक ओळही न लिहिलेल्या मजुराचे अर्धे आयुष्य अशा एका पानात सापडते. परंतु ही जबानी त्याच्या मनाने दिलेली नसून कारकुनाच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे आहेत, आणि त्यांवर त्याची रवानगी अवलंबून होती, हे वाचताना सतत ध्यानात ठेवावे. गरीबनिधीच्या हिशेबवहीत त्याच नावापुढे भाकरी, जोडे वा कफनाचा खर्च लागला आहे का, तेही पाहावे.

१८९९ मध्ये सुरू झालेली व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी ही काउंटीवार स्थानिक इतिहासाची ग्रंथमाला सर्व काउंट्यांसाठी अजून पुरी झालेली नाही, पण आपल्या गावाचा खंड असल्यास त्याच्या तळटिपा मूळ कागदांपर्यंत नेतात. प्रत्येक कागदाचा दप्तर क्रमांक तिथल्या तिथे टिपून घ्यावा. जनगणना १८०१ पासून आहे, तरी माणसांची नावे देशभर सलग मिळतात ती १८४१ पासून, आणि जन्माचे पॅरिश १८५१ पासून. तो रकाना आधीच्या जबान्यांशी जुळवला की कोणते कुटुंब कुठून आले, याचा माग दोन्ही बाजूंनी लागतो.