रेषाचित्र रंगवताना रेषांना हात लावू नका

स्कॅन केलेल्या चित्रात फोटोशॉप किंवा गिम्पसारख्या प्रोग्राममध्ये थेट रंग ओतला, की रेषेच्या कडेला पांढरी किनार उरते. कडेचे पिक्सेल पूर्ण काळे नसतात, राखाडी असतात, आणि बकेट टूल (एका क्लिकने रंग ओतणारं साधन) तिथेच थांबतं.

त्यापेक्षा रेषांचा लेयर (चित्राचा स्वतंत्र थर) सगळ्यात वर ठेवा आणि त्याचा ब्लेंड मोड (खालच्या थरात मिसळण्याची पद्धत) ‘मल्टिप्लाय’ करा. पांढरा भाग दिसेनासा होतो, काळी रेष तशीच राहते. खाली नवा रिकामा लेयर घ्या. रंग फक्त त्यावर. मॅजिक वाँडने (सारख्या रंगाचा सलग भाग निवडणारं साधन) रेषांच्या लेयरवरचा भाग निवडा, सिलेक्शन 1-2 पिक्सेल वाढवा (गिम्पमध्ये ‘ग्रो’, फोटोशॉपमध्ये ‘एक्स्पांड’), मग खालच्या लेयरवर येऊन रंग भरा. रंग रेषेखाली सरकतो आणि किनार जाते. हे वाढवणं बहुतेक जण विसरतात, आणि खरा फरक तिथेच पडतो.

रेष कुठे तुटली असेल तर निवड बाहेर सांडते. ती फट आधी बुजवा.

त्वचा, केस, कपडे यांना वेगवेगळे लेयर द्या. सावलीच्या वेळी त्या लेयरची पारदर्शकता लॉक केली, की ब्रश कितीही मोकळा फिरवा, रंग बाहेर जात नाही.

मूळ फाइल पीएसडी (फोटोशॉपचा फॉरमॅट) किंवा एक्ससीएफमध्येच (गिम्पचा) ठेवा. जेपेगमध्ये सगळे लेयर एक होतात.