दुधाची डिग्री अशी बघा

लॅक्टोमीटर म्हणजे दुधासाठी केलेला हायड्रोमीटर, द्रवात तरंगून त्याची घनता दाखवणारी काचेची नळी. दूध जितकं जड, तितका तो वर तरंगतो. 30 डिग्री म्हणजे घनता 1.030. गाईचं दूध साधारण 28 ते 30, म्हशीचं 30 ते 32.

भांडं उंच आणि रुंद घ्या, लॅक्टोमीटर कडेला टेकता कामा नये. दांडी तुपकट नको. दूध हलक्या हाताने खालीवर करा.

आता खरी गोम. धार काढल्या काढल्या डिग्री लावू नका. ताजं दूध कोमट असतं, कोमट म्हणून हलकं, आणि त्यात बारीक हवा अडकलेली असते. निदान तासभर थांबा, दोन तास थांबलात तर उत्तम. खानापूर तालुक्यात मी घरोघरी दूध घ्यायला लागलो तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका सकाळी 25 आकडा बघून चार माणसांत विचारलं, "अक्का, पाणी घातलंय काय?" तिने काही न बोलता किटली उचलली. मन खात राहिलं, म्हणून संध्याकाळी तिच्या गोठ्यात गेलो. समोर काढलेली धार दोन तास ठेवून मोजली, तर 29! तिची माफी मागितली, पण ते चारचौघांतलं बोलणं काही परत घेता आलं नाही.

थांबलात तरी थर्मामीटर लागतोच. लॅक्टोमीटरच्या आतल्या कागदावर 15.5, 27 किंवा 29 अंश असं तापमान छापलेलं असतं. दूध त्याहून जितके अंश गरम, त्या दर अंशाला 0.2 मिळवा, थंड असेल तर दर अंशाला तितकेच वजा करा. 27 अंशांच्या लॅक्टोमीटरवर 32 अंशांचं दूध 27 दाखवत असेल, तर खरी डिग्री 28. आमच्याकडे थंडीत उलटं होतं: 20 अंशांच्या दुधाची 29 डिग्री प्रत्यक्षात 27.6 असते. "अंदाजाने धरा" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, त्या अंदाजात गरिबाचं दूध परत जातं.

लॅक्टोमीटर अलगद सोडा, स्थिर होऊ द्या, डोळा दुधाच्या पातळीला आणा. पाण्यात खालची कड वाचतात, पण दुधाच्या आरपार दिसत नाही. म्हणून दांडीला दूध जिथवर चढलंय ती वरची कड वाचा आणि 0.5 मिळवा.

दहा टक्के पाण्याने डिग्री सुमारे 3 ने उतरते. मात्र साय काढली की डिग्री चढते, त्यामुळे साय काढून पाणी घातलेलं दूध नुसत्या डिग्रीवर सापडत नाही. फॅट, म्हणजे दुधातला स्निग्धांशही मोजावा लागतो. आणि आकडा कमी आला तर आधी त्याच जनावराची धार समोर काढून, निववून मोजा. दोन्ही आकडे ताडून बघितल्याशिवाय पाण्याचं नाव काढू नका.